पुढच्या गावाचं बटण

"बरं, येते मंग बाई," असं म्हणून बार्शीटाकळीची माणिकबाई खुर्चीतून उठली, आणि इकडे अकोल्याच्या ऑफिसात नाजियानं बटण दाबलं.

बटण तिनं स्वतःच बसवलं होतं. गावोगावच्या सल्ला केंद्रांत एकेक कॉम्प्युटर, त्यापुढे एकेक खुर्ची, आणि पिकांचे रोग ओळखायला नाजिया एकटी. एक गाव बंद करा, आवाज तोडा, दुसरं गाव उघडा, पुन्हा आवाज जोडा, यात जीव मेटाकुटीला यायचा. मग तिनं ही सगळी कामं कीबोर्डच्या एका बटणात भरली. ऑफिसातले लोक त्याला मॅक्रो म्हणत. दाबलं की बार्शीटाकळी गेली आणि कौंडण्यपूर हजर. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. सोडलेल्या गावातल्या पडद्यावर नाजियाचं शेवटचं चित्र तसंच गोठून राहायचं, तेवढी एक खोट होती. पण रिकाम्या खुर्चीला त्याचं काय?

कौंडण्यपूरचा माणूस तुरीची वाळकी फांदी घेऊन बसला होता. नाजिया त्याला मर रोगाचं सांगू लागली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बटण दाबता दाबता तिला दिसलं होतं, माणिकबाई परत वळली होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

नाजियाचे अब्बा, गयासुद्दीन, कापडाचे दुकानदार. ते म्हणायचे, आपल्याकडचा माणूस बसल्यावर पावसाचं बोलतो, ढोरांचं बोलतो. मुद्द्याचं बोलतो ते उठल्यावर, चपला पायात सरकवताना. दुकानाच्या पायरीवर वाढलेल्या पोरीला हे ठाऊक नसेल तर कोणाला? तरी 'येते' हा शब्द कानावर पडला की तिचं बोट आपोआप बटणावर जायचं. सोय झाली की माणूस अक्कल गहाण ठेवतो, दुसरं काय.

आणि आज तर पानावरही काही नव्हतं. माणिकबाईनं दाखवलेलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान चांगलं हिरवंगार. एरवी पान घेऊन तिचा नवरा किसनराव यायचा. तो कसा आहे, असं नाजियानं विचारलंसुद्धा. "हायेत घरीच. पडून असतात," एवढंच ती म्हणाली. त्या वर्षी गावागावांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या ज्या बातम्या येत होत्या, त्या ऐकणाऱ्या कोणालाही या उत्तरानं धडकी भरली असती. नाजियाला भरली नाही. पुढचं गाव ताटकळत होतं.

तुरीवाल्याला मध्येच थांबवून तिनं बार्शीटाकळी लावली.

माणिकबाई उभीच होती. पदरानं डोळे पुसत होती, पण चेहरा हलका झाला होता.

"एवढंच होतं, बाई," ती म्हणाली. "घरात कोणापाशी बोलता येत नाई. तुमी माह्यावरून नजर काढली नाई, बरं वाटलं. आता तुमीच सांगा, त्याइले कसं सांभाळू?"

अंदाजानं चार शब्द बोलून वेळ मारून नेता आली असती, आणि क्षणभर नाजियाच्या मनात तसं आलंही. पण ही गोष्ट अंदाजानं सांगायची नव्हती. तिनं खरं ते सांगून टाकलं. आवाज तुटला होता, तो आपणच तोडला होता. समोर होतं ते नुसतं आपलं चित्र, आपण त्यात नव्हतोच.

"माफ करा, माणिकबाई," ती हात जोडून म्हणाली. "एकडाव पुन्हा सांगा. मी कुठंच जात नाई."

माणिकबाई पडद्याकडे पाहत राहिली. आधीची नाजिया खरी की ही, ते ठरवत असावी. ती चिडली असती तरी नाजियाला बरं वाटलं असतं.

"दिवाळीपासून हिंमत जमवून राहिली होती, बाई," ती म्हणाली. "आता पुन्हा कुठून आणू?"