पिंप वाजव

“छत्तीस वर्षांचा घोडा घ्यायचा, आणि बदल्यात आपलं कोवळं पोरगं द्यायचं? लिंक्सवाल्यांची अक्कल चरायला गेलीय!” गॅस्टनने डोनट कॉफीत असा बुचकळला की निम्मा आतच राहिला. “अरे, गुडघे गेलेत त्याचे. बर्फावर उभा राहतो हेच उपकार म्हणायचे.”

“गुडघे गेले असतील, हाडं शाबूत आहेत,” ऑर्व्हल थॉर्केल्सन म्हणाला. “माझ्या हाताखाली तयार झालाय तो. तुझं कोवळं पोरगं धक्का लागला की आईला हाक मारतं.”

डोनटच्या दुकानात आज बसायला जागा नव्हती. आइस हॉकीच्या संघांना खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत दुपारी दोनला संपत होती, आणि सकाळपासून टीव्हीवर एकच घोषा चालला होता. शहराचा संघ लिंक्स केल्विन थॉर्केल्सनला आणणार. इथलाच मुलगा, शेवटची वर्षं घरच्या संघात खेळणार. ऑर्व्हल त्याचा बाप. आईच्या अंत्यविधीनंतर केल्विनने बापाला एकही फोन केला नव्हता. नातू ऑर्व्हलने पाहिला तो वर्तमानपत्रातल्या फोटोत. पण आज म्हातारा नवी टोपी घालून आला होता. मुलगा याच शहरात राहणार म्हटल्यावर किती दिवस तोंड फिरवील? येईलच की एक दिवस पोराचं बोट धरून.

“नको त्याला इथे,” डोरीन फ्रीसेन म्हणाली.

डोरीन ऑर्व्हलची जुनी शेजारीण. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी ऑर्व्हलच्या मागच्या अंगणावर उघडायची. लिंक्सची एकही मॅच तिने कधी चुकवली नव्हती. दुकानातल्या टीव्हीचा रिमोटही कायम तिच्याच हातात, आणि तो मागायची कुणाची छाती नव्हती.

“तुला काय गं त्याचं एवढं वावडं?” ऑर्व्हल म्हणाला.

“आहे तिथे बरा आहे तो. राहू दे.”

“बरा?” गॅस्टन हसला. “तिकडे उत्तरेत थुंकलं तर खाली पडेपर्यंत गोठतं! आपलं मॅनिटोबा उबदार वाटायला लागेल त्याला. मी म्हणतो, गुडघे नसलेला माणूस—”

“तू गुडघ्यांचं मला सांगू नकोस,” ऑर्व्हल खुर्ची ओढून पुढे सरकला. आजूबाजूचेही सरकले. ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी ऐकायला मजा यायची. “आठ-नऊ वर्षांचा असेल. मागच्या अंगणात पाणी सोडून खेळायला बर्फ धरवला होता मी. पलीकडच्या टोकाला तेलाचं रिकामं पिंप आडवं टाकलेलं. शनिवारी रात्री मी आत मॅच बघत बसायचो, हा बाहेर. पकची रबरी चकती पिंपात गेली की ठण्ण आवाज येतो ना, तो मला आत मोजता आला पाहिजे. माझ्या मनासारखे ठोके झाले की दार उघडणार. एकदा बेटा दारच बडवायला लागला. बोटं दुखतात म्हणे! मी आतून ओरडलो, दार नको वाजवू, पिंप वाजव!”

टेबलाभोवती हशा पिकला. गॅस्टननेही मांडीवर थाप मारली.

“पायाच्या करंगळीचं टोक गोठून गेलं त्या रात्री,” ऑर्व्हल म्हणाला. “जाऊ दे. खेळाडू तर झाला! आज सकाळीच मी अंगणात पाइप लावून पाणी सोडलंय. शेडमधून पिंपही काढून ठेवलंय. आता नातवाला उभा करतो की नाही बघा.”

डोरीनने ते सकाळी खिडकीतून पाहिलं होतं. तिने टीव्हीचा आवाज वाढवला. ऑर्व्हलची ही गोष्ट सुरू झाली की ती नेहमी हेच करी, आणि तिला कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालत.

दोन वाजून गेले. पडद्यावर निवेदक आला. दोन्ही संघांचं ठरलं होतं, कागद तयार होते, म्हणाला, पण खेळाडूनेच नकार दिलाय. केल्विनच्या करारात एक अट आहे. एका शहरात त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध पाठवता येत नाही. शहर कोणतं, ते त्याने निवडायचं.

“करार त्याने पुन्हा पुन्हा नवे केले,” निवेदक म्हणाला. “शहर मात्र दर वेळी एकच ठेवलं, आपलं. कारण विचारलं तर म्हणाला, तिथे फार थंडी असते.”

स्टुडिओत सगळे खो खो हसले. उत्तरेत खेळणारा माणूस मॅनिटोबाच्या थंडीला घाबरतो!

“थंडी?” गॅस्टन म्हणाला. “पण तो तर इथलाच...” मघाशी आपण मांडीवर थाप मारली होती, हे त्याला आठवलं.

ऑर्व्हलने टोपी काढली, पुन्हा घातली. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाजूकच होतं कार्टं, आईच्या वळणावर गेलेलं,” तो म्हणाला. “थोडी शिस्त लावली तर एवढा डूख धरायचा? कुणाला विचारा, कधी कुणी तक्रार केली?”

“मला ऐकू यायचं, ऑर्व्हल,” डोरीन म्हणाली. “तो दार बडवायचा ते.”

ऑर्व्हल उसळला. “यायचं ना? मग तुझं दार का नाही उघडलंस?”

डोरीनने हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

“शनिवारी मॅच असायची,” ती म्हणाली. “मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.”