लालबाईची चाचणी

भिंतीवरच्या पडद्यावर एकशे नव्याण्णव ठिपके हिरवे होते आणि एक लाल. तो सलग अकराव्या दिवशी लाल होता. ज्या बाईंची ती चाचणी, त्यांना कचेरीत आता कुणी खऱ्या नावाने हाक मारत नव्हतं. त्या लालबाई झाल्या होत्या.

कंपनी दरमहा घरपोच औषधं पाठवायची. सगळा कारभार वेबसाइटवर. ती साइट नीट चालते का, हे बघायला लालबाई चाचण्या लिहायच्या. चाचणी म्हणजे एक आज्ञाधारक प्रोग्राम. रोज सकाळी तो गिऱ्हाइकाचं सोंग घ्यायचा, साइट उघडायचा, नाव भरायचा, बटणं दाबायचा आणि सगळं जमलं तर पडद्यावर हिरवा ठिपका टाकायचा. लालबाईंची ही चाचणी ‘औषधं बंद करा’ हे बटण दाबायची. म्हणजे, दाबायला जायची.

“नखरेल आहे तुझी चाचणी,” बटणवाला म्हणाला. साइटवरचं प्रत्येक बटण त्याच्याच हातचं होतं आणि आपल्या हातून कधी चूक झाल्याचं त्याला आठवत नव्हतं. “माझ्या मशीनवर तर बटण मस्त चालतं.”

“तुझ्या मशीनवर सगळंच चालतं रे. उद्यापासून गिऱ्हाइकांना तिथेच आणून बसवू या.”

लालबाईंनी सगळे उपाय करून पाहिले होते. चाचणीला पाच सेकंद थांबायला सांगितलं, मग तीस सेकंद. खिडकी मोठी केली, लहान केली. ब्राउझर बदलला. ठिपका ढिम्म. त्यांचा करार शुक्रवारी संपत होता आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं, दोनशेच्या दोनशे हिरवे झाले तर करार वाढेल. आज शुक्रवार होता.

त्यात तक्रारींच्या टेबलावरून एक पत्र फिरत फिरत त्यांच्याकडे आलं. एका मुलीचं होतं. ‘बाबा जाऊन चार महिने झाले. मी दर आठवड्याला त्यांची औषधं बंद करते. दर वेळी तुमचे आभार येतात आणि महिना भरला की गोळ्या येतात.’ त्याखाली कंपनीचं उत्तर होतं: ‘आमची साइट साडेनव्याण्णव टक्के ठणठणीत आहे.’

लालबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तिरीमिरीत त्यांनी चाचणीचा अहवाल उघडला आणि तो पूर्ण वाचला. अहवाल सोळा ओळींचा असे आणि पहिल्या ओळीपुढे वाचायची कचेरीत रीत नव्हती. पहिली ओळ म्हणत होती, ‘चाचणी नापास.’ अकरावी म्हणत होती, ‘बटण सापडलं. दाबता येत नाही. त्याच्यावर दुसरं बटण आहे.’

होतंच. काचेसारखं, डोळ्यांना न दिसणारं. त्यावर बोट पडलं की औषधं पाठवायची मुदत सहा महिन्यांनी वाढत होती.

“हे काय आहे?” त्यांनी बटणवाल्याला विचारलं.

बटणवाल्याने आपला कीबोर्ड पुसायला घेतला. “वरून आलंय.”

“वरून म्हणजे? आभाळातून?”

“साहेबांकडून.”

साहेब सज्जन गृहस्थ होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं.

“बटण काढलंय का आपण? नाही ना?”

“त्याच्यावर दुसरं बसवलंय, साहेब.”

“तुमच्या चाचणीत एक शब्द घालता येतो म्हणे. ‘जोराने’. तो घातला की वर काय आहे ते न बघता ती आरपार दाबते. घालून टाका.”

“चाचणी दाबेल हो. त्या मुलीने कसं दाबायचं?”

“ती मुलगी आपल्याकडे नोकरीला नाही, बाई. तुम्ही आहात. सहा वाजेपर्यंत.”

लालबाई जागेवर आल्या त्या राजीनामा मनात घेऊनच. तीन ओळींत लिहून टाकला. तिसरी ओळ त्यांना विशेष आवडली: ‘मी खोट्या चाचण्या लिहीत नाही.’ मग वाटलं, साहेबांनी सांगितलेला तो शब्द आधी आणखी कुणी वापरला असेल, तर त्याचाही पुरावा सोबत जोडावा. त्यांनी सगळ्या चाचण्यांमध्ये ‘जोराने’ शोधला.

एकशे नव्याण्णव ठिकाणी सापडला.

शोधण्यातच काही गडबड झाली असेल म्हणून त्यांनी पुन्हा शोधला. मग एकेक फाइल उघडून पाहिली. त्यातल्या त्रेसष्ट फायलींवर खुद्द त्यांचं नाव होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी बटणवाल्याने एक तयार नमुना दिला होता. ‘यातून उतरव, उगाच डोकं लावू नकोस.’ त्यांनी मन लावून उतरवलं होतं, शब्द न शब्द. ‘औषधं बंद करा’ची चाचणी तेवढी त्यांनी आपल्या डोक्याने लिहिली होती. तेही बटणवाला त्या दिवशी रजेवर होता आणि नमुना कुठे ठेवलाय ते त्यांना सापडलं नव्हतं म्हणून.

त्यांनी राजीनाम्याची तिसरी ओळ पुन्हा एकदा वाचली आणि अख्खा राजीनामा पुसून टाकला. मग आपल्या त्रेसष्टांतली पहिली फाइल उघडली, तो शब्द खोडला आणि चाचणी चालवली. ‘पत्ता बदला’: लाल. दुसरी, ‘माणसाशी बोला’: लाल. तिसरी, ‘तक्रार नोंदवा’.

सहा वाजता साहेब दारात येऊन उभे राहिले. पडद्याकडे त्यांची पाठ होती.

“काय बाई, झालं का हिरवं?”

“नाही साहेब,” लालबाई मान वर न करता म्हणाल्या, “आत्ता कुठे लाल व्हायला लागलंय.”