पुस्तकांमागचं बेट

इतिहास रंगवून सांगितला की मुलं आपसूक वाचतात, असं आजोबांचं ठाम मत. त्यांनी आणलेलं युरोपातल्या दर्यावर्दींचं पुस्तक नातीनं एका बैठकीत फस्त केलं आणि दुसरं शोधायला ती स्टुलावर चढली. कपाटात, जाडजूड पुस्तकांच्या मागे, तिला चॉकलेटांचा डबा सापडला. तिनं लगेच टूथपिकला कागद चिकटवून झेंडा केला आणि डब्याच्या मधोमध रोवला.

"हे बेट मी शोधलंय. आता ते माझं!"

आजोबांची सगळी हयात इतिहास शिकवण्यात गेलेली. ते खवळलेच.

"हेच चुकलं त्या लोकांचं! जिथं आधीपासून माणसं नांदतायत, तिथं उशिरा पोचायचं आणि वर म्हणायचं, शोध मी लावला! अगं, तिथल्या लोकांना ती जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती."

"मग या बेटावर आधी कोण होतं?"

"मी!" आजोबांनी छाती ठोकली. "डॉक्टरांनी गोड बंद केलं ना, त्या दिवसापासून रोज दुपारी येतोय मी इथं!"

"रोज?"

दारात आजी उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात आजोबांची शुगरची गोळी.



आजोबांनी झेंड्याला कडक सलाम ठोकला. "अभिनंदन, बाळा! असा काही भूभाग जगाच्या पाठीवर आहे, हे आम्हाला आजच कळतंय."