पाच सायकली आणि एक छकडा

"आली!" महारुद्र ओरडला आणि चौघांचे चेहरे खुलले. शांतलिंगचा तेवढा पडला.

तुळजापूरच्या अलीकडं बाभळीखाली पाच सायकली आडव्या पडल्या होत्या. महारुद्रच्या मागच्या चाकाचं त्या दिवसातलं हे तिसरं पंक्चर. लढाईमुळं नवी ट्यूब मिळत नव्हती, ठिगळावर ठिगळ लावून चाक चाललं होतं. नळदुर्गच्या रस्त्यानं धूळ उडवत छकडा येत होता. पुढं घरचा म्हातारा गडी नागप्पा बैल हाकत होता आणि त्याच्यामागं चाळिशीची गंगम्मा बसली होती. शांतलिंगची आई.

नळदुर्गची ही पाच पोरं आठ दिवसांच्या सायकल दौऱ्यावर निघाली होती. तुळजापूर, धाराशिव, येडशी, तेर करत शेवटी सोनारीच्या काळभैरवाचं दर्शन. एकवीस वर्षांचा शांतलिंग जन्मात पहिल्यांदा घरच्यांवाचून बाहेर पडला होता. आठ दिवस 'जेवलास का' म्हणून कुणी विचारणार नाही, एवढ्याच सुखासाठी त्यानं सायकल घेतली होती. आणि पहिल्याच दुपारी आई हजर.

"हात धुवा रं," गंगम्मा म्हणाली आणि फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. चौघं तुटून पडले.

"काकी, रोज येणार ना?" महारुद्रनं विचारलं.

"येणार की!"

शांतलिंगनं हातातली भाकरी परत फडक्यावर ठेवली.

ती खरंच रोज आली. पोरं पंक्चर काढत, विहिरीत पोहत, झाडाखाली झोपा काढत. तेवढ्यात छकडा त्यांना गाठायचाच. धाराशिवला पोरं लेणी बघायला गेली, तर ही पाठोपाठ धापा टाकत चढली. आपण कड्यावरनं पडू म्हणून आली, असं शांतलिंगला वाटलं. येडशीच्या ठेसनावर छोटी आगगाडी लागली. गाडी हलेपर्यंत ही फलाटावरून हटेना. आपण रुळांवर जाऊ म्हणून राखण करतेय, असं त्याला वाटलं.

धाराशिवच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं होतं, तेव्हा मात्र तिचा उपयोग झाला. पाच जवान पोरं मिळून कुठं निघाली, हा सवाल निजामाच्या राज्यात त्या दिवसांत साधा नव्हता. झडती सुरू होणार, एवढ्यात छकडा आला. "माझी लेकरं हायत, सायेब," गंगम्मा म्हणाली आणि त्याच्याही हातावर भाकरी ठेवली. पोलीस हसला. "जाव, अम्मा के साथ जाव." आईला सोबत घेऊन कुणी सरकार उलथायला निघत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण शांतलिंगला ते हसणं लई झोंबलं.

त्या संध्याकाळी येडशीत त्यानं आईला सांगितलं, "उद्या आमी भूमच्या रस्त्यानं जाणार." आणि पहाटे चौघांना उठवून तेरचा रस्ता धरला.

काय मोकळं वाटलं त्याला! दोन्ही हात सोडून त्यानं सायकल चालवली, जोंधळ्याच्या रानातली पाखरं ओरडून उठवली. दुपारी मात्र पाचजणांत पसाभर फुटाणे निघाले. संध्याकाळी तेरणेच्या काठी हातपाय धुताना महारुद्र हळूच म्हणाला, "भूमच्या रस्त्याला काकी आपल्याला हुडकत असंल का रं?"

शांतलिंगला रात्रभर डोळा लागला नाही. चौघांना तिथंच थांबायला सांगून तो उजाडताच एकटा उलटा निघाला. येडशीपर्यंत त्यानं पाय टेकला नाही. ठेसनावरच्या चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "छकडा? भूमकडं कुठला, हितल्या रामलिंगच्या देवळाकडं गेला की. कालच!"

रामलिंगच्या ओढ्यात गंगम्मा गुडघाभर पाण्यात उभी होती. लुगडं वर खोचलेलं, पदर खांद्यावर. पलीकडच्या दगडावर एक माकडीण पिलाला घेऊन बसली होती, तिच्याकडं ही फुटाणे फेकत होती आणि पोरीसारखी खिदळत होती. शांतलिंगनं आईला असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"अव्वा!"

ती दचकली. पदर डोक्यावर घेत म्हणाली, "तू कसा हितं? संपला दौरा?"

"न्हाय. अव्वा, माझं चुकलं. म्या तुला खोटा रस्ता सांगितला. तू मला हुडकत हिंडली असशील..."

"तुला?" गंगम्मा त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. "अरं, लग्न हून नळदुर्गात आले त्याला बावीस वरसं झाली. तिथला किल्लाबी म्या लांबनंच बगितलाय. लेणी बगायची हायत, आगगाडी बगायची हाय म्हणले असते, तर तुझ्या थोरल्या काकांनी छकडा दिला असता व्हय? पोराच्या खाण्याचे हाल हुतील म्हणले. लगीच बैल जुपले त्यांनी!"

शांतलिंग मटकन दगडावर बसला.

"मंग आता... सोनारीला चार दिवसांत पोचतो आमी," तो कसाबसा म्हणाला. "तिथनं सरळ घरी."

गंगम्माचं हसू मावळलं. पाण्यातून ती बाहेर आली, लुगड्याचा ओला काठ पिळला. काठावरच्या नागप्पाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी जवळ येऊन म्हणाली,

"अजून धा-पंधरा दिस हिंड की रं, लेकरा. तू घरी गेलास की मलाबी जावं लागंल."