चंद्रीच्या पोटातली हवा

जनावरांच्या डॉक्टरांनी चुलीवरच्या उकळत्या पाण्यातून जाड सुई काढली, तशी गुणाबाई आपल्या खेचराच्या, चंद्रीच्या पोटाला पाठ लावून उभी राहिली.

“टोचू नका, डाक्टर. आतून लाथ मारतंय कुणीतरी.”

“हवा आहे ती, बाई. घोडी आणि गाढवाचं पोर म्हणजे खेचर. खेचराला पुढं पोर होत नाही. पुस्तकात लिहिलंय.”

गडावर वाळूच्या गोण्या वाहणारी चंद्री दोन महिने नुसती फुगत चालली होती. गुणाबाईनं पेंड निम्मी केली, हिंग-ओवा पाजला, पण पोट काही उतरेना.

डॉक्टर गुणाबाईला बाजूला सारणार, तोच चंद्री धपकन आडवी झाली. शेपटीखालून दोन खूर आले, मग ओलं नाक. गुणाबाईनं पदर खोचला आणि खूर धरून ओढायला बसली. “लाव जोर, पोरी,” ती चंद्रीला म्हणत राहिली.

शिंगरू लटपटत उभं राहिलं. कान गाढवाचे, पाय घोड्याचे.

“हे शक्यच नाही,” डॉक्टर पुटपुटले. सुई तशीच हातात होती.

गुणाबाई तोवर चुलीकडं पळाली होती. सुईचं पाणी अजून उकळत होतं. त्यातच तिनं बारशाच्या घुगऱ्यांसाठी गहू ओतले.