पंखांचा बिल्ला

उंचावर वैमानिकाला चक्कर का येते, हे शिकून मी परीक्षा पास झालो आणि हवाई दलाच्या डॉक्टरांचा पंखवाला बिल्ला छातीवर आला. सत्त्याऐंशीच्या महाशिवरात्रीला सुटीवर असूनही वर्दी घालूनच चामोर्शीला सासुरवाडीत गेलो. म्हटलं, जरा वट राहील.

मार्कंड्याच्या जत्रेत मेहुणी रंभानं सगळ्यांदेखत डिवचलं, "भाऊजी, विमानवाले ना तुमी? मंग बसा आकाशपाळण्यात!"

नाही कसं म्हणणार? सासूबाई चिवड्याचा पुडा घेऊन शेजारी बसल्या. दुसऱ्याच फेरीत मी ओकलो, थेट बिल्ल्यावर.

सासूबाईंनी पदरानं बिल्ला पुसला आणि खाली उभ्या लेकीला वरूनच ओरडून सांगितलं,


"रंभे, आता समजलं वो, सरकारनं जवाईबापूले विमान काऊन नाई देलं ते!"