फोन हिरामणच्या नावावर

"हे काय आहे, मंगलाबाई?" यादवराव मंडलिकांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं.

हिरामण दगडू विधाते, मखमलाबाद रोड, नाशिक. खाली घरचा फोन नंबर आणि त्याच्यापुढे 'चालू'.

मंगलाबाईंनी पदर सारखा केला. सकाळी झेंडूची जाळी बाजारात उतरवून त्या तशाच कॉलेज रोडच्या या नेट कॅफेत आल्या होत्या. यादवराव म्हणजे नवऱ्या मुलाचे, कुंदनचे काका. त्यांचा निरोप होता, ताबडतोब या. त्या काळी त्या रस्त्याला अजून बंगले होते, दारात गुलमोहर होते. आज त्यांचं कशाकडेच लक्ष गेलं नव्हतं. लेकीचा, स्नेहलचा साखरपुडा परवावर आला होता.

"तुम्ही तर म्हणालात, मालक त्र्याण्णव साली घाटात अपघातात गेले."

"मग? फोनचा अर्ज त्यांनीच भरला होता. वणी सोडून इथं यायचं ठरलं तेव्हा. लय वर्षं नंबर लागला नाय. फोन घरात आला तेव्हा ते कुठं होते? नाव तेच राहिलं."

यादवरावांनी खुर्ची जवळ ओढली. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या पुतणीच्या वेळी असंच झालं. मुलाचा बाप वारला म्हणाले. तो निघाला तुरुंगात. हळद लागलेली पोर घेऊन परत आलो आम्ही. कुंदनच्या लग्नात मला ते नको. म्हणून टेलिफोन डिरेक्टरीच्या या साइटवर बघितलं. नाव टाकलं की नंबर येतो, नंबर टाकला की नाव."

मंगलाबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तुमच्या घरी लावू फोन?"

"लावा की. स्नेहल आमच्या फुलांच्या दुकानात हाय. घराला कुलूप घालून आलेय मी."

यादवरावांनी कॅफेतला फोन उचलून नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. मंगलाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. शेवटी रिंग आपोआप थांबली.

"आता तुमचा नंबर टाका," त्या म्हणाल्या.

"माझा कशाला?"

"टाका तर. मशीनला किती कळतंय ते बघू."

कॅफे चालवणाऱ्या सवितानं यादवरावांच्या मनमाडच्या घरचा नंबर टाकला. पडदा बराच वेळ पांढराच राहिला. मग अक्षरं उमटली. निवृत्ती शंकर मंडलिक. चालू.

यादवराव बघतच राहिले. "अरे, हे तर आमचे दादा! अठ्ठ्याऐंशीलाच गेले!"

सविता फिसकन हसली. "काका, लावून देऊ का फोन?"

"नको गं बाई! अजून विड्या ओढतो म्हणून शिव्या घालतील."

तिघंही हसले. यादवरावांनी कपाळावरचा घाम पुसला.

"चुकलं माझं, विहीणबाई. गेलेल्या माणसांना जिवंत दाखवतंय हे. यावर कोण विश्वास ठेवणार? कन्यादानाला कोण बसतंय?"

"माझा भाऊ बसेल, चिमाजी. भावजय आहेच."

"झालं तर मग."

यादवरावांची रिक्षा वळणाआड गेली, तरी मंगलाबाई पायरीवरच उभ्या होत्या. मग झपझप चालत त्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपाशी गेल्या. दोनदा मागे वळून पाहिलं. बूथचं दार ओढून घेतलं आणि घरचा नंबर फिरवला. दोन रिंगा होऊ दिल्या. फोन ठेवला. परत तोच नंबर फिरवला.

या वेळी पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "दुपारी येऊन कुलूप काढते."

 पलीकडून, दोन महिन्यांपूर्वी नाशिकरोडच्या तुरुंगातून सुटून आलेल्या हिरामणनं हळूच विचारलं, "कन्यादानाला कोण बसतंय?"